आम्ही तुम्हाला बोलावलेलं नाही

स्लावाला आम्ही कुणाला बोलावत नाही. घराण्याच्या संताचा दिवस तो. त्या दिवशी दार उघडं असतं, टेबल भरलेलं असतं आणि ज्याला यायचं तो येतो. जो आपला आहे त्याला बोलावणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, की बाबा रे, तू परका आहेस. माझी सासू तापाने फणफणत होती त्या वर्षीसुद्धा आमच्याकडे घर भरून माणसं जेवून गेली, आणि त्यातल्या एकालाही आम्ही 'या' म्हटलं नव्हतं. आमच्या ग्राबोवित्सात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणून त्या नोव्हेंबरात मी यीस्ट आणायला दुकानात गेले आणि दुकानवाल्या स्तामेनाने मला "या, या, आमंत्रणवाल्या बाई!" अशी हाक मारली, तेव्हा मला वाटलं, हिला सकाळीच चढली आहे.

"काय म्हणालीस?"

"मी कुठे काय म्हणतेय? आम्ही आपले खेडवळ. आम्हाला आता कळवावं लागतं ना, येणार की नाही येणार. बटण दाबून."

"कसलं बटण, स्तामेना? नीट बोल, नाहीतर मी दुसऱ्या दुकानात जाते."

"दुसरं दुकान आहे कुठे?" ती म्हणाली आणि पावाच्या फळीजवळ उभ्या दोघी बायका गालात हसल्या. मग दोघींनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि पिठाच्या पिशवीवरचं काहीतरी मन लावून वाचायला लागल्या.

आता मला आठवलं. चार-पाच दिवस हेच चाललं होतं. रस्त्यात कुणी थांबत नव्हतं. कोबी खारात घालायचे दिवस, पिंपं धुवायची असतात, मीठ मोजायचं असतं, लोक गडबडीत असतील असं मी मनाशी म्हणत होते. मला गोष्टी उशिरा कळतात असं नाही, पण आपल्याशीच कुणी तोंड फिरवेल असं मला कधी वाटतच नाही. हा माझा स्वभाव.

स्तामेनाने फोन माझ्या नाकासमोर धरला. सोनेरी अक्षरं, मेणबत्ती, अक्रोड पेरलेला शिजवलेल्या गव्हाचा वाडगा, आणि वर माझ्या नवऱ्याचा, बुदिमिरचा, पुतण्याच्या लग्नातला टोपीवाला फोटो. खाली लिहिलं होतं, 'सन्माननीय पाहुणे, बुदिमिर आणि विदोसावा आपणास स्लावानिमित्त सस्नेह निमंत्रण देत आहेत. कृपया आपली उपस्थिती कळवा.' एक हिरवं बटण, येणार. एक लाल बटण, येणार नाही. पाठवणाऱ्याच्या जागी बुदिमिरचंच नाव, बुदिमिरचाच नंबर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सन्माननीय पाहुणे! स्तामेनाला! जिच्या बाळंतपणात मी महिनाभर तिच्या गायींच्या धारा काढल्या, तिला!

"हे आम्ही पाठवलेलं नाही," मी म्हणाले.

"मग काय संत अरांजेलने पाठवलं?"

"माझ्या लेकीची शपथ."

"शपथा काय, कुणीही घेतं."

मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि त्या वाडग्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"गहू."

"आमचा संत कोण?"

"अरांजेल."

"अरांजेलला गहू कोण शिजवतं?"

स्तामेनाने चष्मा लावला. गहू मेलेल्यांसाठी असतो. बाकी संत माणसं होती, कधीतरी मेली, त्यांच्या नावाने गहू शिजतो. अरांजेल देवदूत आहे, तो मेलेलाच नाही. आमच्या गावात अरांजेलवाल्या घरात त्या दिवशी गव्हाचा दाणाही चुलीवर चढत नाही. तिने फोटो जवळ घेतला, लांब धरला आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! जिवंत संताला मेलेल्याचा गहू!"

"आता पटलं?"

"हे कुणातरी बाहेरच्या मेल्याचं काम आहे."

"आणि चोर आहे. तू बटण दाबलंस का?"

"मी कशाला दाबू? मी फोन पिठाच्या पोत्यावर फेकला." मग ती काउंटरवर वाकली आणि आवाज खाली आणला. "पण विदा, तुमच्या कूमने दाबलं. ल्युबिंका काल इथे उभी राहून रडत होती. रातोमिर म्हणाला म्हणे, इतक्या वर्षांनी मला विचारतायत, येणार का म्हणून! आणि त्याने ते लाल बटण असं दाबलं, असं दाबलं, की काच फुटायची."

मी यीस्ट न घेताच घरी निघाले.

रातोमिर आमचा कूम, ल्युबिंका त्याची बायको; तो मला कुमा म्हणतो. लग्नात तो आमच्या पाठीशी उभा होता, आमच्या लेकीचा, वेरिकाचा, बाप्तिस्मा त्याच्या हातांवर झाला. रक्ताचा भाऊ रुसला तर आमच्याकडे लोक हसण्यावारी नेतात. कूम रुसला तर घरावरून जाताना मान खाली घालतात. स्लावाचा पाव घरधनी आणि कूम दोघांनी मिळून मोडायचा असतो, आणि तो कुणाबरोबर मोडला गेला हे सारं गाव बघतं. कूम आला नाही तर बाकीचेही येणार नाहीत, आणि का येतील? भरलेलं टेबल आणि रिकाम्या खुर्च्या, एवढंच उरलं असतं आमच्या घराचं. स्लावाला आठवडाही राहिला नव्हता.

बुदिमिर अंगणात कोबीचे देठ कोरत बसला होता.

"तुझा फोन कुठे आहे?"

"आत. त्यातलं निरोपांचं ॲप उघडत नाही, गप्पा बंद पडल्यात. बिल भरायचं राहिलं असेल."

"बिल भरलं नाही की आख्खा फोन बंद पडतो, बुदिमिर, नुसत्या गप्पा बंद पडत नाहीत. खरं सांग, काय केलंस?"

"काही नाही."

"बुदिमिर."

त्याने सुरी खाली ठेवली. "योवानचा निरोप आला होता. त्याची नात नाचाच्या स्पर्धेत आहे, तिला मत द्या. मत दिलं की फोनवर सहा आकडे येतात, ते मला कळवा. मी कळवले. चांगल्या कामात नाही कशाला म्हणायचं?"

"योवानला नात नाही."

"मला वाटलं, झाली असेल."

"झाली असेल! आणि जन्मल्या जन्मल्या कोलो नाचायला लागली?"

माझा नवरा लबाड नाही, आळशी नाही, दारू बेतानेच पितो. पण कुणी चार गोड शब्द बोललं की हा माणूस लोण्यासारखा विरघळतो. मी आजवर याला शंभर वेळा सांगितलं असेल.

मी ऑस्ट्रियात वेरिकाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग बापाला बोलावलं.

"बाबा, ते आकडे म्हणजे घराची किल्ली होती. तू चोराला किल्ली दिलीस, वर पत्ताही सांगितलास. आता तो तुझ्या नावाने तुझ्या घरात बसलाय."

"मग त्याला हाकल."

"हाकलायला थोडे दिवस लागतील. त्याने आतून स्वतःची कडी घातली आहे. मी सांगते तसं करत जा." मग ती भराभर सांगायला लागली. बँकेला कळवा, पण निरोपात आलेल्या नंबरवर नाही, कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरवर. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आणि ज्यांनी ते बटण दाबलंय त्यांना सावध करा, त्यांची किल्लीही गेली असेल. "आणि आई, फोनवरून नको. आता तुमच्या फोनवर कोण विश्वास ठेवणार? स्वतः जा. सगळ्यांना सांग, आलेला कोड कुणालाही द्यायचा नाही. बँक मागत नाही, पोलीस मागत नाहीत. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"तू मागितलास तरी?"

"मी मागितला तर आधी शिव्या घाला, मग मला उलट फोन करा."

बुदिमिर उठला. "मी जातो कूमकडे. पाया पडतो."

"तू बस तिथेच. तू गेलास तर आणखी काहीतरी देऊन येशील." मी कोट चढवला.

रस्त्यात माझं डोकं चालत होतं आणि मला माझाच राग येत होता. स्लावाच्या तोंडावर कुणाच्या दारात जायचं म्हणजे बोलावणं करायला जाण्यासारखंच. कूमने मला फाटकात पाहिलं की तो हेच म्हणणार, फोनवर विचारून पोट भरलं नाही, आता बाई घरी आली विचारायला. चोराने घाव असा घातला होता, की मलम लावायला हात पुढे केला तरी तिखटच लागावं. त्याला बिचाऱ्याला हे ठाऊकही नसेल. त्याने आपली कुठलीशी तयार आमंत्रणपत्रिका उचलली आणि चिकटवून दिली.

ल्युबिंकाने फाटक उघडलं. तिचे डोळे सुजले होते. कूम मागच्या अंगणात भट्टीवर होता. तांब्याचा हंडा तापलेला, नळीतून आलुबुखाराच्या दारूची, राकियाची, बारीक धार गळत होती, आणि ती धार सुरू झाली की माणसाला जागचं हलता येत नाही. नाहीतर मला पाहून तो नक्की आत निघून गेला असता. त्याने फक्त पाठ फिरवली आणि आगीत एक ओंडका सरकवला.

"कुमा, आमंत्रण पोचलं. उत्तरही पाठवलंय. उगाच तसदी घेतलीत."

"कूम, मी एवढंच सांगायला आलेय, की आम्ही तुम्हाला बोलावलेलं नाही."

ओंडका त्याच्या हातातच राहिला. "काय?"

"नाही बोलावलं. बोलावणार नाही. मी मेले तरी तुम्हाला स्लावाचं आमंत्रण देणार नाही. कळलं?"

तो वळला. माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या मोठ्या, मिशीवाल्या, धुराने लाल झालेल्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते मी जन्मात विसरणार नाही. ओठ थरथरले, मिशी थरथरली. "नाही बोलावलं?" त्याने पुन्हा विचारलं, पोरासारखं.

"तुम्हाला बोलवायला तुम्ही कोण, परके आहात?"

मागे ल्युबिंका मोठ्याने रडायला लागली. कूमने ओंडका खाली टाकला, हात पँटला पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. मी त्याला सगळं सांगितलं. योवानची नात, सहा आकडे, अरांजेलला गहू. नातीच्या नावाने तो हसलासुद्धा. आणि मग हसता हसता एकदम थांबला.

"कुमा, ते लाल बटण दाबल्यावर एक पान उघडलं. नंबर विचारला. आकडे आले, ते विचारले. मी इतका भडकलो होतो, विचारतील ते देत गेलो. म्हटलं, एकदाचं कळू दे यांना, की रातोमिर येत नाही."

"मग?"

ल्युबिंका बोलली. "मग यांच्याही गप्पा बंद पडल्या. त्यात मुलाला पाठवलेला यांच्या ओळखपत्राचा फोटो होता, गाडीच्या कागदांसाठी पाठवलेला. काल बँकेतून फोन आला, यांच्या नावावर कुणीतरी कर्ज काढतंय. थांबवायचं असेल तर फोनवर येणारा कोड सांगा. यांना चष्मा सापडेना, म्हणून ते म्हणाले, उद्या करतो."

"तो चष्मा कुणी लपवला असेल त्याचं भलं होवो," मी म्हणाले.

"मीच त्याच्यावर बसलो होतो," कूम म्हणाला. "कुमा, माझं नाव गेलं का हो? आजवर मी कुणाचं काही बुडवलेलं नाही. बापाने दुसरं काही ठेवलंही नव्हतं मागे, नावच ठेवलं होतं."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि आवाज मोठा केला. मऊ, शिकलेला, काळजीवाहू आवाज. त्याने कूमचं पूर्ण नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, जन्मतारीख सांगितली, ओळखपत्राचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. आता क्षणाचाही उशीर करू नका. आत्ता तुमच्या फोनवर कोड येतोय, तो मला वाचून दाखवा, मी कर्ज थांबवतो.

फोन किणकिणला. कोड आला. कूमने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मी मान हलवली, नाही, नाही.

त्याने फोनवर हात ठेवला. "कुमा, याला सगळं माहीत आहे. माझ्या बापाचं नावसुद्धा."

"तुमच्या ओळखपत्रावर लिहिलेलं सगळं माहीत आहे. तुमच्या बापाला सगळे काय म्हणून हाक मारायचे, ते विचारा बघू."

पण आवाजच बोलला. "साहेब, तुमच्याजवळ कुणी आहे का? कृपया कुणालाही काही सांगू नका. घरच्यांनाही नको. आमच्याच एका कर्मचाऱ्यावर संशय आहे."

आणि तिथे कूमचा चेहरा बदलला. त्याचा बाप, आजा, पणजा, कुणी गाय विकतानासुद्धा कूमला विचारल्याशिवाय विकली नव्हती, आणि हा त्याला सांगत होता, की घरच्यांनाही सांगू नका.

"पोरा," तो फोनमध्ये म्हणाला, "जी गोष्ट माझ्या बायकोला आणि माझ्या कुमेला सांगता येत नाही, ती मला करायची नसते." आणि त्याने फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. मी तो बादलीवर उपडा ठेवला आणि वाजू दिला. ल्युबिंकाने कपाटातून कार्ड आणलं, आम्ही माझ्या फोनवरून कार्डामागचा नंबर लावला. तिथे आधी संगीत लागलं, मग एका यंत्राने एक दाबा, दोन दाबा म्हणून फिरवलं, मग पुन्हा संगीत. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाट बघायला लावतेय म्हणजे बँक खरी आहे.

शेवटी एक कंटाळलेली मुलगी बोलली. हो, रातोमिर यांच्या नावाने कर्जाचा अर्ज आलाय, ओळखपत्राचा फोटो जोडलाय. मंजूर व्हायचा बाकी आहे, शेवटच्या कोडसाठी अडलाय. तुम्ही कोड कुणाला दिला का?

"नाही दिला!" कूम असा ओरडला, की कोंबड्या भट्टीखालून पळाल्या.

मुलीने अर्ज रद्द केला. कार्ड बंद केलं, नवं देते म्हणाली, ओळखपत्र हरवलंय असं समजून पोलिसांकडून नवं करून घ्या म्हणाली, आणि तुमच्या नावावर पुढे कुणी काही काढायला आलं तर आधी शाखेत तुम्हाला बोलावतील अशी नोंद केली. शेवटी तिचाही आवाज जरा जागा झाला. म्हणाली, बहुतेक लोक कोड देऊन झाल्यावर आम्हाला फोन करतात. तुम्ही आधी केलात, बरं झालं.

कूमने फोन ठेवला आणि नळीखालचा पहिल्या धारेचा पेला माझ्या हातात दिला. पहिली धार कुणी पीत नाही, घसा जाळते. मी प्यायले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच राकियामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला जाऊन पोलिसांत तक्रार दिली, आणि दुपारी कूमने ट्रॅक्टर काढला. मी त्याच्या बाजूला, आणि मागच्या ट्रॉलीत बुदिमिर उभा. त्याला उभं राहायची शिक्षा मीच दिली होती. प्रत्येक फाटकाशी कूम भोंगा वाजवायचा, माणसं बाहेर यायची, तोंड वाकडं करून उभी राहायची, आणि मी ओरडायचे:

"ऐका! आम्ही तुम्हाला स्लावाला बोलावलेलं नाही!"

पहिल्या घरी कुणाला काही कळलंच नाही. दुसऱ्या घरी म्हातारा मिलुतिन फाटकावर रेलून म्हणाला, "देवाची कृपा! आमची म्हातारी चार दिवस जेवली नव्हती. हे आधी सांगायचं ना, विदा!" तिसऱ्या घरापासून लोक आम्ही पोचायच्या आधीच फाटकात उभे. बातमी ट्रॅक्टरच्या पुढे पळत होती.

"आम्हाला बोलावलंय का?" बाया लांबूनच विचारायच्या.

"नाही!"

"नक्की ना?"

"नक्की! तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही!"

आणि हशा पिकायचा. मग बुदिमिरने टोपी काढून सांगायचं, की मी कोड दिला, मी गाढव आहे, तुम्ही देऊ नका. पहिल्या दोन घरी तो पुटपुटला. पुढे त्याला रंग चढला. शेवटच्या घरी तर त्याने योवानच्या नातीचा नाचही करून दाखवला, आणि फाटकात उभा असलेला खरा योवान म्हणाला, "नात झाली की तुझ्याकडेच शिकायला पाठवतो." ज्यांनी बटण दाबलं होतं त्यांच्या फोनवरून कूमने वेरिकाला फोन लावून दिला. बटण दाबणारे सगळे लालवाले निघाले. हिरवं एकानेही दाबलं नव्हतं. आमचं गाव चोराच्या जाळ्यात सापडलं ते लोभाने नाही, रागाने. याचंही मला कौतुकच वाटलं.

तरी अरांजेलच्या दिवशी सकाळी माझा पाय एका जागी ठरत नव्हता. भाजलेलं डुक्कर, कोबीच्या पानात गुंडाळलेला सार्मा, तीन प्रकारचे केक, सगळं मांडून झालं. बुदिमिर पांढरा शर्ट घालून दारात उभा. घरधनी त्या दिवशी बसत नाही, तो उभ्यानेच वाढतो. मेणबत्ती लावली. रस्ता रिकामा होता. मी खिडकीशी जायचे, परत यायचे, आधीच सरळ असलेले काटे-चमचे सरळ करायचे. हसणं वेगळं आणि येणं वेगळं, असं माझं मन मला सांगत होतं. फोनवरच्या एका खोट्या शब्दाने माणसं तुटली, तेव्हा ट्रॅक्टरवरच्या विनोदाने ती जुळली असतीलच असं कुणी सांगावं?

मग फाटक करकरलं. कूम आला, कोट घालून, मिशी विंचरून, काखेत राकियाची बाटली, मागे ल्युबिंका. दारात थांबला, बुदिमिरला तीनदा मिठी मारली आणि म्हणाला, "मला बोलावलं नव्हतं, म्हणून आलो."

दोघांनी पाव हातात घेतला, फिरवला, त्यावर वाइन ओतली आणि मोडला. माझा नवरा रडत होता आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पावावर वाकून उभा होता. मी त्याला काहीच बोलले नाही. त्या क्षणी मला तो फार आवडला.

त्यांच्या मागून गाव आलं. एवढं कधीच आलं नव्हतं. ज्यांचा स्वतःचा अरांजेल होता तेही आपलं घर लेकीसुनांवर सोपवून एक घास खायला डोकावून गेले. खुर्च्या संपल्या, बाकं आणली, बाकं संपली, खिडकीत बसले. स्तामेनाने दुकान बंद केलं, आणि ती दुकान फक्त मयताला बंद करते.

जेवण ऐन रंगात होतं तेव्हा फोन किणकिणले. एक नाही, दोन नाही, खिशाखिशातून, पर्सापर्सांतून, सगळे एकदम. स्तामेनाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "बुदिमिरकडून आहे. 'माझा अपघात झाला आहे. इस्पितळात आहे. ताबडतोब पैसे पाठवा. कुणाला सांगू नका.'"

सगळ्या माना बुदिमिरकडे वळल्या. तो दारात उभा होता, दोन्ही हातांत भाजलेल्या डुकराचं ताट, गाल राकियाने गुलाबी.

"फार लागलंय का रे?" मिलुतिनने विचारलं.

घर असं हसलं की मेणबत्ती विझेल की काय अशी मला भीती वाटली. मी हाताचा आडोसा केला.

कूमने हात वर केला. "थांबा. माझ्या कूमचा अपघात झालाय आणि मी नुसता जेवत बसू?" वेरिका म्हणाली होती, चोराशी बोलू नका. पण त्या दिवशी कूमला अडवणार कोण? त्याने स्तामेनाचा फोन घेतला आणि एका बोटाने, एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं, "सन्माननीय पाहुणे. आज आमच्या घरी स्लावा आहे. आपणास सस्नेह निमंत्रण. येणार की नाही येणार, कृपया कळवा."

"पाठवा!" सगळे ओरडले. त्याने पाठवलं. आमच्या घराने स्लावाला कुणाला बोलावलं असेल तर त्या एकालाच.

आम्हाला वाटलं, आता पळाला. पण निर्लज्जाला काय! लगेच उत्तर आलं. स्तामेनाने वाचलं. "'जरूर येईन. आधी खात्रीसाठी तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी कोड सांगा.'"

आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, ताट धाडकन टेबलावर ठेवलं आणि छाती फुगवून गर्जना केली:

"नाही सांगणार!"

"नाही सांगणार!" कूम ओरडला, आणि मग स्तामेना, मिलुतिन, खिडकीतले, ओसरीवरचे, अंगणातले, सारं गाव एका आवाजात ओरडलं, पेले वाजले, आणि खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. संत अरांजेल जिवंतच आहे, त्यालाही ऐकू गेलं असेल.